करडी खिडकी

आमच्या गावच्या वाचनालयात दोन जुने संगणक आहेत. बेळगावातल्या एका कार्यालयाने नवी यंत्रे घेतली तेव्हा जुनी आमच्याकडे आली, आणि त्यांच्यावरची मूळची प्रणाली त्यांना झेपेनाशी झाली होती म्हणून मी दोन्ही पुसून त्यांवर डेबियन लिनक्स आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप चढवला. पतसंस्थेत उभा जन्म खतावण्या लिहिलेल्या माणसाने निवृत्तीनंतर हा उद्योग का आरंभावा, याचे उत्तर माझ्या घरच्यांना अजून मिळालेले नाही. बाकीची सर्व कामे सुरळीत चालली. फक्त लिबरऑफिस हा लेखन-हिशेबाच्या प्रोग्रॅमांचा संच उघडला की पडद्यावर एक करडी, टोकदार कोपऱ्यांची, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची वाटावी अशी खिडकी येऊन बसे. वाचनालयाचे काम पाहणारी मुलगी कन्नड माध्यमात शिकलेली आणि घरी मराठी बोलणारी आहे. तिने पहिल्याच दिवशी सांगितले, "काका, बाकीच्या सगळ्या खिडक्या एका घरच्या वाटूलाल्यात, ही तेवढी परकी वाटूलालीय की."

मी तिच्या बोलण्याकडे दुर्लक्ष केले, कारण खिडकीच्या रंगाने अक्षर बदलत नाही अशी माझी समजूत होती. ती समजूत स्मरणिकेने मोडली.

आमच्या भागात हिवाळा लागला की गावोगावी मराठी साहित्य संमेलने भरतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी ही त्यांतली नावाजलेली गावे, पण लहान गावेही मागे राहत नाहीत. ग्रंथदिंडी निघते, शाळेच्या पटांगणात मांडव पडतो, आणि सर्वांना वाटण्यासाठी एक स्मरणिका निघते. आमची स्मरणिका आजवर शहरातल्या एका डीटीपीवाल्याकडे जुळत असे. त्याच्याकडचे फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सर्व संगणकांवर चालणाऱ्या सामाईक अक्षर-संकेताच्या, आधीच्या काळातले असल्यामुळे ती फाइल आमच्या संगणकावर उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसे. मागच्या अंकातला एखादा लेख शोधायचा तर छापील प्रत हातात घेऊन पाने उलटण्यावाचून गत्यंतर नव्हते. यंदा वाचनालयातच, आपल्या हातांनी, युनिकोडमध्ये अंक जुळवायचा असे ठरले, आणि करड्या खिडकीशी आमचा रोजचा संबंध सुरू झाला.

पहिल्याच सकाळी मुलीने एक विचित्र गोष्ट दाखवली. ब्राउझरमध्ये मराठी उमटत होती, टिपणे लिहिण्याच्या साध्या प्रोग्रॅममध्येही उमटत होती, पण तीच कळ त्याच क्षणी लिबरऑफिसच्या रायटर या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये दाबली की इंग्रजी अक्षर येत होते. शिवाय फाइल उघडायला गेले की समोर येणारी चौकटही वेगळीच होती. डेस्कटॉपच्या चौकटीत तिने डाव्या बाजूला 'लेख', 'जाहिराती', 'फोटो' असे कप्पे मांडून ठेवले होते, त्यांतला एकही इथे दिसत नव्हता. म्हणजे परकेपणा केवळ रंगाचा नव्हता. तो बोटांपर्यंत पोचला होता.

याचे कारण शोधताना मी जो इतिहास वाचला, तो थोडा सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. लिबरऑफिसचे मूळ जर्मनीतल्या स्टार डिव्हिजन या कंपनीत आहे. मार्को ब्योरिस यांनी ती १९८५ मध्ये सुरू केली होती. तिचे स्टारऑफिस विंडोज, ओएस/२, सोलारिस, लिनक्स अशा एकमेकांशी मेळ नसलेल्या प्रणालींवर चालायचे होते, आणि प्रत्येक घरचे बटण वेगळ्या जातीचे, म्हणून त्यांनी आपली बटणे, याद्या, सरकपट्ट्या सर्व काही स्वतःच रंगवणारे एक कोठार बांधले. त्याला व्हीसीएल म्हणतात. हा पाहुणा आपली भांडीकुंडी बरोबर घेऊन फिरणारा होता. त्याच्या पाचव्या आवृत्तीत तर तो घरात येऊन स्वतःचेच घर थाटत असे, कारण तिच्यात स्वतःचा वेगळा डेस्कटॉप आणि खाली स्वतःचा स्टार्ट मेनूही होता. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी विकत घेतली, २००० मध्ये स्टारऑफिसचा सोर्स कोड खुला केला, आणि त्यातून १ मे २००२ रोजी ओपनऑफिस.ऑर्गची १.० ही आवृत्ती आली. तोवर घरातले ते घर पाडून झाले होते. भांडीकुंडी मात्र तशीच राहिली.

लिनक्सच्या बाजूने पाहिले तर यजमानही एक नव्हता. १९९६ मध्ये केडीई हा डेस्कटॉप सुरू झाला तो क्यूटी या, खिडक्या-बटणे पुरवणाऱ्या साधनसंचावर, आणि १९९७ मध्ये ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप सुरू झाला तो जीटीके या साधनसंचावर. आमचे एक्सएफसीईही जीटीकेच्याच गोतावळ्यातले. या दोन्ही घरी शोभेल असे ओपनऑफिसला करायचे म्हणून निरनिराळ्या लोकांनी निरनिराळे मार्ग धरले. त्यांतला एक मला फार आवडला. केडीईच्या कॉन्करर या प्रोग्रॅमच्या पोटातच ओपनऑफिस उघडावे असा तो प्रयत्न होता, आणि करणाऱ्यांनी त्याला नाव दिले होते 'ककू'. युरोपातली ककू आपल्या कोकिळेचीच आतेबहीण. तीही अंडे दुसऱ्याच्या घरट्यात घालते. आपले काम नेमके काय आहे हे इतक्या सरळपणे कबूल करणारे नाव संगणकाच्या दुनियेत क्वचितच सापडते.

टिकला तो मात्र दुसरा मार्ग. त्यात व्हीसीएल तशीच ठेवली, पण बटण रंगवण्याची वेळ आली की तिने यजमानाच्या साधनसंचाला विचारायचे, 'अमुक लांबीचे, अमुक रुंदीचे, दाबलेल्या अवस्थेतले बटण तुझ्याकडे कसे असते, ते रंगवून दे.' ते चित्र घेऊन व्हीसीएल आपल्या जागी चिकटवते. केडीईच्या बाजूने यान होलेशोव्स्की यांनी आणि ग्नोमच्या बाजूने झिमियन कंपनीच्या मंडळींनी या कामाला हात घातला, आणि ऑक्टोबर २००५ मध्ये ओपनऑफिस २.० आले तेव्हा दोन्ही डेस्कटॉपांवर ते बऱ्यापैकी घरचे दिसू लागले होते. दिसू लागले होते, एवढेच. बटण जीटीकेसारखे दिसे, पण ते जीटीकेचे बटण नव्हते.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम केलेला माझा एक शेजारी लोखंडी फाटकांविषयी बोलताना एक भेद नेहमी सांगतो. जुन्या फाटकाला नव्यासारखा रंग देणे वेगळे आणि नवा गज वेल्डिंग मारून बसवणे वेगळे. त्या २००५ च्या कामाला मी रंगकाम म्हणेन. ऑरेकलने सन विकत घेतल्यानंतर सप्टेंबर २०१० मध्ये स्वयंसेवकांनी द डॉक्युमेंट फाउंडेशनच्या छत्राखाली ओपनऑफिसमधून लिबरऑफिस वेगळे काढले. पुढे २०१८ च्या सुमारास त्यातल्या चौकटी एकेक करून खऱ्याखुऱ्या जीटीके घटकांवर आणण्याचे काम जोरात सुरू झाले. कोडमध्ये त्या योजनेचे नाव चक्क 'वेल्ड' असे आहे. हे वाचून मी शेजाऱ्याकडे जाऊन सांगितले. त्याला त्यात काही विशेष वाटले नाही.

मग आमची खिडकी करडी का? दोष सर्वस्वी माझा होता. लिबरऑफिस सुरू होताना आपण कोणत्या डेस्कटॉपवर आहोत हे पाहते आणि त्याला जुळणारा जोडभाग उचलते. ग्नोम आणि त्याच्या नातलगांसाठी जीटीके३, केडीईसाठी केएफ५ किंवा केएफ६, आणि काहीच हाती लागले नाही तर सर्वांत जुना, सर्वसाधारण भाग. डेबियनमध्ये हे जोडभाग वेगवेगळ्या पॅकेजांत ठेवलेले असतात. आमच्याकडचे इंटरनेट पावसाळ्यात रडतखडत चालते, म्हणून मी रायटर बसवताना शिफारस केलेली पॅकेजे नकोत असे सांगून काटकसर केली होती. त्या काटकसरीत लिबरऑफिस-जीटीके३ हे पॅकेज बाहेर राहिले. मदतीच्या यादीतून 'लिबरऑफिसविषयी' ही चौकट उघडली की तिथे व्हीसीएलपुढे सध्याच्या जोडभागाचे नाव लिहिलेले दिसते. आमच्याकडे 'एक्स११' असे, म्हणजे त्या जुन्या सर्वसाधारण भागाचे नाव होते; पाहुण्याला यजमान भेटलाच नव्हता.

टंकलेखनाचे कोडेही त्यातच सुटले. आम्ही मराठी टंकलेखनासाठी आयबस नावाचा प्रोग्रॅम वापरत होतो. जीटीकेचे प्रोग्रॅम आयबसशी थेट बोलतात. तो जुना सर्वसाधारण भाग मात्र एक्सआयएम नावाच्या जुन्या वाटेने बोलतो, आणि ती वाट दाखवणारी पाटी आमच्या संगणकावर लावलेलीच नव्हती. मी ते एक पॅकेज बसवले, लिबरऑफिस बंद करून पुन्हा उघडले, आणि खिडकी इतरांसारखी झाली, फाइलींच्या चौकटीत मुलीचे कप्पे आले, आणि रायटरमध्ये मराठी उमटली. तीन तक्रारींचे एकच औषध निघाल्याने मी खूश झालो. मुलीने फक्त एवढेच विचारले की हे महिनाभर आधी का केले नाही.

तिने स्वतः मात्र आयबस ठेवलाच नाही. ती कन्नड टंकलेखन 'नुडी'वर शिकलेली आहे, आणि नुडी ही बंगळूरच्या कन्नड गणक परिषदेची निर्मिती. त्या परिषदेचा कळफलक कगप या आद्याक्षरांनी ओळखला जातो. लिनक्सच्या कळफलकांच्या यादीत इनस्क्रिप्ट या सरकारी कळफलकाच्या शेजारी 'मराठी, कगप, फोनेटिक' असाही एक पर्याय असतो, हे मला ठाऊक नव्हते; तिने यादी खाली सरकवत नेली आणि तिला तो दिसला. त्यात 'के'च्या कळीवर क, 'जी'च्या कळीवर ग, आणि जोडाक्षरासाठी मध्ये 'एफ'ची कळ, अगदी कन्नडसारखेच. हा कळफलक आयबसच्याही खालच्या थरात, पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स या यंत्रणेच्या कळफलक व्यवस्थेत असल्यामुळे कोणताही प्रोग्रॅम त्याच्याशी वेगळे जुळवून घेत नाही. करड्या खिडकीतही तो चालला असता. त्या दिवसापासून ती मराठी लेख कन्नड गणक परिषदेच्या कळफलकावर बडवू लागली, आणि मी शेजारी इनस्क्रिप्टवर एका बोटाने ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसू लागलो. सीमाभागातल्या संमेलनाची मराठी स्मरणिका या मार्गाने तयार झाली आहे हे मांडवात सांगावे की नाही, यावर आमच्या समितीत थोडी चर्चा झाली. मी सांगावे या मताचा होतो. अल्पमतात राहिलो.

खरा वेळ गेला तो पुढच्या कामात, आणि त्यात डेस्कटॉपपेक्षा ऑफिसच्या आतली मांडणी आडवी आली. लिबरऑफिस जगातल्या लिप्यांचे तीन कप्पे करते. एक पाश्चात्त्य, एक आशियाई म्हणजे चिनी-जपानी-कोरियन, आणि तिसरा 'कॉम्प्लेक्स', ज्यात अरबी, हिब्रू, थाई यांच्याबरोबर आपल्या सर्व भारतीय लिप्या बसवल्या आहेत. प्रत्येक परिच्छेद-शैलीत या तिन्हींसाठी फॉन्ट, आकार आणि भाषा वेगळी नोंदवलेली असते. हे न कळल्यामुळे मी दोन संध्याकाळी शैलीतला आकार १२ वरून १४ करत होतो, आणि देवनागरी जागची हलत नव्हती, कारण मी पाश्चात्त्य कप्प्यात बदल करत होतो. मराठी ओळीत मध्येच 'पीडीएफ' हा शब्द कोणी रोमन लिपीत लिहिला असेल तर तेवढाच शब्द फुगून बसे.

पण बेळगावच्या माणसाला खरी अडचण निराळीच येते. आमच्या निमंत्रणपत्रिकेवर आणि कार्यालयांकडे पाठवायच्या अर्जांवर मराठी व कन्नड एकाखाली एक असते. रायटरच्या हिशेबी या दोन्ही लिप्या एकाच कप्प्यातल्या. त्या कप्प्यात फॉन्ट एकच सांगता येतो. मी तिथे देवनागरीचा फॉन्ट सांगितला की त्यात कन्नड अक्षरे नसतात, आणि मग प्रणालीतली फॉन्ट शोधणारी यंत्रणा, जिला फॉन्टकॉन्फिग म्हणतात, आपल्या पसंतीने कुठला तरी कन्नड फॉन्ट आणून ती जागा भरते. अक्षरे दिसतात, चौकोन येत नाहीत, त्यामुळे चूक आहे हेही पटकन लक्षात येत नाही. मात्र कन्नड ओळी जरा उंच होतात, जोडाक्षरातल्या अक्षराखाली लिहिल्या जाणाऱ्या अक्षरांना जागा लागते म्हणून ओळींतले अंतर वाढते, आणि पत्रिकेचा खालचा भाग पुढच्या पानावर जातो. बसवलेला फॉन्ट आणि दिसणारा फॉन्ट यांतला हा फरक मला पतसंस्थेतल्या एका जुन्या प्रकाराची आठवण करून देत होता: वहीवर सही एकाची आणि रक्कम मोजणारा दुसराच.

यावर उपाय आहे, पण तो आपोआप होत नाही. 'कन्नड' नावाची एक अक्षर-शैली करायची, तिच्यात कॉम्प्लेक्स कप्प्याची भाषा कन्नड आणि फॉन्ट नोटो सान्स कन्नड असा नोंदवायचा, आणि कन्नड मजकूर निवडून ती लावायची. मुलीने त्याला कळजोड म्हणजे शॉर्टकट दिला, आणि त्यानंतर पत्रिका एका पानात बसली. लिप्यांचे कप्पे करणाऱ्यांना एकाच कागदावर दोन 'कॉम्प्लेक्स' लिप्यांचे शेजारपण सुचले नसावे, असे मला वाटते. आमच्या इथे दुकानाच्या प्रत्येक पाटीवर ते असते.

भाषा नोंदवण्याचा एक लाभ मला अनपेक्षितपणे दिसला, आणि या सगळ्या खटाटोपातला तो माझा सर्वांत आवडता क्षण आहे. आमच्या संगणकावर कॉम्प्लेक्स कप्प्याची भाषा मुळात हिंदी होती. त्यामुळे लेखांतला प्रत्येक ल दांड्याचा, हिंदी पद्धतीचा येत होता, आणि श सुद्धा. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या मराठी वर्णमालेविषयीच्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरावा असे म्हटले आहे, आणि शाळेत आम्ही पाटीवर गिरवलेली अक्षरेही तीच. मी फॉन्ट बदलायला निघालो होतो. त्याऐवजी पर्यायांत जाऊन भाषा तेवढी 'मराठी' केली आणि चौकट बंद केली, तेव्हा उघड्या पानावरचे सगळे ल एकदम पाकळीदार झाले. मजकुरातले एकही अक्षर बदलले नव्हते. नोटो आणि लोहित या फॉन्टांत मराठीसाठीची वेगळी रूपे ठेवलेली असतात. २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून लिबरऑफिस सर्वत्र हार्फबझ या यंत्रणेकडून अक्षरे मांडून घेते, आणि मांडताना मजकुराची भाषाही तिला सांगते. तेच युनिकोड, तोच फॉन्ट, फक्त भाषा कोणती ते सांगितल्यावर ल आपल्या घरच्या रूपात आला.

शुद्धलेखन तपासनीसाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती माझ्या मते अर्धवट राहिलेली आहे. लिबरऑफिस त्यासाठी हनस्पेल वापरते. ते मुळात हंगेरियनसाठी लिहिले गेले, आणि प्रत्ययांवर प्रत्यय चढवण्यात हंगेरियन आपल्या 'घरातल्यांनासुद्धा'ला हार जाणार नाही. शब्दांची एक फाइल आणि प्रत्ययांच्या नियमांची दुसरी, अशी त्याची साधी मांडणी आहे. मराठीचा शब्दसंग्रह मी आधी लिबरऑफिसचा विस्तार म्हणून बसवला, तर तो फक्त लिबरऑफिसलाच कळला. त्यातल्या त्याच दोन फाइली प्रणालीच्या सामाईक जागेत ठेवल्यावर फायरफॉक्सलाही कळल्या. जुळवणी म्हणजे मला हेच हवे असते: एक वस्तू एकदाच घरात यावी आणि सर्वांना वापरता यावी. पण 'येळ्ळूर', 'मार्कंडेय' असे जे शब्द मी स्वतः भरले, ते लिबरऑफिसच्या खासगी वहीतच राहतात आणि ब्राउझर आजही त्यांखाली लाल रेघ ओढतो.

अंक पीडीएफ करून छापखान्यात दिला. पहिल्या प्रूफाला कागदाचा आकार चुकलेला निघाला, कारण संगणकाची प्रादेशिक नोंद अमेरिकन इंग्रजी राहिल्याने पान ए४ ऐवजी लेटर झाले होते. हेही मीच केलेले. नोंद बदलली, रात्री दोन तास पाने पुन्हा लावली, मध्येच वीज गेली, आणि आल्यावर लिबरऑफिसने मजकूर परत उभा करून दिला, त्यामुळे त्याच्याविषयी मनात जो राग साठला होता तो बराच उतरला.

दुसऱ्या संगणकावर मात्र करडी खिडकी अजून आहे. वाचनालयाचे हिशेब ठेवणारे आमचे ज्येष्ठ सभासद तिथे कॅल्क या लिबरऑफिसच्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये वर्गणीच्या नोंदी करतात. आकडे इंग्रजी, नावेही इंग्रजीत, त्यामुळे त्यांना आयबसशी कर्तव्य नाही. मी जीटीके३चे पॅकेज घेऊन त्यांच्यापुढे गेलो, नवी खिडकी कशी दिसेल ते पहिल्या संगणकावर नेऊन दाखवले. त्यांनी चष्मा वर करून दोन्हींकडे पाहिले आणि म्हणाले, "बरं दिसूलालंय की. पण माझी बटणं कुठं कुठं आहेत ते मला ठावं झालंय गा. ऱ्हाऊ दे तसंच."